प्रशिक्षक आपला हवा की परका?

२०२५ सालच्या जुलै महिन्यात आमच्या कलघटगीस पावसाने असा काही मुक्काम ठोकला होता की, शाळेच्या क्रीडांगणावर चेंडू ठेवावा आणि तो आपल्या आपण तरंगत कुंपणाशी जावा. पाय थांबले की जिभा धावू लागतात, हा अनुभव जुनाच आहे. मधल्या सुटीत व्हरांड्यात दाटीने उभी राहिलेली मुले त्या दिवसांत एकाच विषयावर तावातावाने बोलत असत. भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, स्पेनचे मानोलो मार्केझ, यांनी आणि महासंघाने २ जुलै रोजी परस्परसंमतीने एकमेकांचा निरोप घेतला होता. त्यांच्या कारकीर्दीत आठ सामने झाले आणि त्यांतला एकच जिंकता आला. आता त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न दिल्लीतील महासंघाच्या कचेरीत जितक्या गांभीर्याने चर्चिला गेला असेल, त्याहून तो आमच्या व्हरांड्यात अधिक गांभीर्याने चर्चिला गेला, असे आम्ही प्रतिज्ञेवर सांगू शकतो.

वाचकांपैकी काही वडीलधारी मंडळी म्हणतील, शाळेच्या वार्षिकात हा विषय कशाला? फुटबॉलचा प्रशिक्षक कोण असावा याचा कलघटगीच्या मुलांशी काय संबंध? संबंध आहे, असे आमचे मत आहे, आणि तो कसा हे सांगण्यासाठीच आम्ही लेखणी उचलली आहे.

व्हरांड्यात सरळ दोन तट पडले होते. एका तटाचा पुढारी नववीतला एक उंच विद्यार्थी. तो म्हणे, "सर, तिकडचा माणूस आणल्याशिवाय आपल्याला हा खेळ यायचाच नाही." दुसऱ्या तटातून लगेच उत्तर येई, "दीडशे वर्षं तिकडचीच माणसं इथं होती की रे! तेव्हा काय आलं?" यावर हशा पिके आणि घंटा होई. संध्याकाळी हाच वाद मोटारस्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात पोक्त माणसांच्या तोंडी ऐकू येई. तेथे एक वयस्क गृहस्थ मोठ्या जोराने म्हणाले, "घरात कर्ता मुलगा असताना दत्तक कशाला घ्यायचा?" त्यांच्या शेजारीच वडिलांबरोबर आलेली आमची एक विद्यार्थिनी उभी होती. ती नम्रपणे म्हणाली, "पण काका, कर्त्या मुलाच्या हाती आपण तिजोरीची किल्ली कधी दिली होती?" काका क्षणभर थांबले, मग हसले आणि तिच्यासाठीही चहा सांगते झाले.

महासंघाकडे एकंदर १७० अर्ज आले होते. त्यांतून तीन नावे पुढे काढण्यात आली: इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच आणि आपल्याकडील खालिद जमील. परंतु या तिघांची चर्चा रंगात आली असतानाच वर्तमानपत्रांत एक अद्भुत बातमी झळकली. बार्सिलोनाचे नामांकित खेळाडू व प्रशिक्षक चावी यांनीही म्हणे भारतासाठी अर्ज केला होता! आमच्या मुलांच्या आनंदास पारावार उरला नाही. जो तो भ्रमणध्वनी हाती घेऊन धावत होता. पुढे थोड्याच दिवसांत चावी आणि ग्वार्दिओला यांच्या नावांनी आलेली पत्रे खरी नव्हती, हे महासंघानेच जाहीर केले. कोणा खोडकराने थट्टा केली होती.

थट्टेला माणसे फसली यात मोठेसे नवल नाही. आम्हीही अर्धा दिवस फसलो होतो, हे कबूल करावयास हवे. आम्हांस खटकले ते निराळेच. त्या अर्ध्या दिवसात आमच्यापैकी प्रत्येकजण असे बोलत होता की जणू सामने जिंकून झालेच! खेळाडू तेच, मैदाने तीच, सरावाची साधने तीच; केवळ एक नाव बदलले की सारे बदलणार. देवाच्या मूर्तीस नवा मुकुट चढवला म्हणजे गळके देऊळ गळावयाचे थांबते, अशातलीच ही समजूत. नावाचा हा मोह ज्यांना आपला माणूस हवा होता त्यांनाही होता आणि ज्यांना परका हवा होता त्यांनाही होता. दोघेही माणसाचे काम पाहत नव्हते, त्याचे गाव विचारीत होते.

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची नेमणूक झाली. तेरा वर्षांनंतर भारताच्या संघास भारतीय प्रशिक्षक लाभला. दुसऱ्या तटाने व्हरांड्यात पेढे वाटले. "आपला माणूस आला", एवढेच वाक्य त्या दिवशी वारंवार कानी पडत होते.

आता या 'आपला' शब्दाकडे थोडे निरखून पाहू. खालिद जमील यांचा जन्म कुवेतमधला. ते खेळले मुख्यत्वे मुंबईच्या संघांतून आणि मुंबईच्याच एका संघाचे सुमारे सात वर्षे प्रशिक्षक राहिले. त्यांचे नाव देशभर झाले ते मात्र मिझोरामच्या ऐझॉल संघामुळे. ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१५-१६ च्या मोसमात ऐझॉल संघ राष्ट्रीय साखळीच्या तळाशी जाऊन खालच्या वर्गात ढकलला गेला होता. काही संघ स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळे त्यास पुन्हा प्रवेश मिळाला. खालिद यांचेही मुंबईचे काम त्याच सुमारास सुटले होते. म्हणजे संघ आणि प्रशिक्षक दोघेही बाजूस सारलेले. या दोघांची गाठ पडली आणि एप्रिल २०१७ मध्ये, श्रीमंत संघांना मागे टाकून, ऐझॉल देशाचा विजेता झाला. ईशान्येकडील राज्यांतील संघास असे विजेतेपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. शेवटचा सामना शिलाँगला होता. तो बरोबरीत सोडवणे पुरेसे होते आणि तो एक-एक असा सुटला.

ऐझॉलच्या रहिवाशांच्या दृष्टीने कुवेतमध्ये जन्मलेला आणि मुंबईहून आलेला, त्यांची भाषा न जाणणारा हा गृहस्थ आपला होता की परका? गणित मांडू गेल्यास परकाच म्हणावा लागेल. परंतु ज्या संध्याकाळी संघ विजेता झाला त्या संध्याकाळी हा प्रश्न तेथे कोणी विचारला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आणि हा प्रश्न विचारताना आम्ही कलघटगीकर मराठी मंडळींनी तर जरा जपूनच असावे. कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आपली घरे आहेत. अंगणात एक भाषा, बाजारात दुसरी, अशी आपली रीत. कोणी सहज म्हणून जरी "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारले, तरी त्या प्रश्नातला 'मूळचे' हा शब्द कसा लागतो ते आपल्याला ठाऊक आहे. येथल्या मातीत उपजलेल्या मनुष्यालाही आपण येथलेच आहोत हे पुनःपुन्हा सांगावे लागते. ज्यांनी हा अनुभव घेतला त्यांनीच दुसऱ्याचे मोल त्याच्या जन्मगावावरून ठरवावे, हे बरे दिसत नाही.

परदेशी प्रशिक्षकांनी काहीच केले नाही, असे म्हणणे तर उघडउघड अन्यायाचे होईल. इंग्लंडच्या बॉब हाउटन यांच्या काळात संघाने २००८ मध्ये आशियाई चॅलेंज करंडक जिंकला आणि त्या बळावर २०११ च्या आशियाई चषकात, १९८४ नंतर प्रथमच, पाऊल ठेवले. कॉन्स्टंटाइन यांच्या वेळी २०१७ साली भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरांत आला होता. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच यांच्या हाताखाली २०२३ मध्ये बंगळूरच्याच मैदानावर संघाने दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली. तो अंतिम सामना पाहावयास आमच्या गावातूनही काही उत्साही मंडळी गेली होती. त्याच स्टिमाच यांना एक वर्ष उलटते न उलटते तोच, जून २०२४ मध्ये, दूर करण्यात आले. ते दूर करणे चूक होते असे आमचे म्हणणे नाही. गुवाहाटीस अफगाणिस्तानकडून हार झाल्यावर लोकांचा संयम सुटणे स्वाभाविक होते. परंतु त्यांच्या जागी आलेल्या मार्केझ यांना एकाच वेळी गोव्याचा संघ आणि देशाचा संघ अशा दोन्ही गाड्या हाकावयास दिल्या, हे मात्र आम्हांस त्या वेळीही विचित्र वाटले होते. एका बैलाने दोन मोटा ओढाव्या, तशातला तो प्रकार.

मग आपल्या माणसांचे काय झाले? येथे थोडा इतिहास पाहिला पाहिजे, आणि तो आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे. हुबळीहून लोंढा आणि कॅसलरॉकमार्गे घाट उतरला की जो मुलूख लागतो, तेथे फुटबॉल हा गावोगावचा खेळ आहे. त्या गोव्याचे आर्मांदो कुलासो यांनी धेंपे संघास पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०११ साली त्यांना देशाच्या संघाचे काम देण्यात आले. अवघ्या काही महिन्यांत ते संपले. त्यांच्यामागून गोव्याचेच सावियो मेदेरा आले. त्यांनी डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीस अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला चार-शून्य असे हरवून दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली. मार्च २०१२ मध्ये काठमांडूस तीन सामने हरले आणि त्यांचीही पाळी संपली. लगेच हॉलंडचे प्रशिक्षक आले. त्यानंतरची तेरा वर्षे भारतीय माणसाची आठवण कोणास झाली नाही.

हे सांगण्याचा हेतू इतकाच की, आपल्या माणसास आपण संधी देतो ती परीक्षेसारखी देत नाही, चाचणीसारखी देतो. घटकाभराची चाचणी, आणि नापास झाला की पुढल्या तेरा वर्षांत दुसऱ्या कोणी त्या वर्गाची पायरीसुद्धा चढू नये! परदेशी प्रशिक्षक अपयशी ठरला तर लोक म्हणतात, "हा माणूस चुकला, दुसरा आणा." आपला अपयशी ठरला तर म्हणतात, "आपल्या लोकांना हे जमायचेच नाही." एकाचे अपयश एकट्याचे राहते, दुसऱ्याचे साऱ्या जातकुळीचे होते. आमच्या मते या साऱ्या वादातील खरी अन्यायाची जागा ही आहे.

ज्यांना असे वाटते की आपल्याकडे पूर्वी कोणी थोर प्रशिक्षक झालाच नाही, त्यांनी हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांचे चरित्र वाचावे. अलीकडे, २०२४ साली, त्यांच्यावर एक हिंदी चित्रपट निघाला, म्हणून मुलांना नाव तरी कळले. रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर होते, ही गोष्ट शाळेच्या वार्षिकात आम्ही थोड्या अभिमानानेच नमूद करतो. हैदराबादच्या शाळांतून शिकवता शिकवता त्यांनी मैदानावरचे शिक्षण आरंभिले. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकला. मुलांचा कच्चा पाय पक्का व्हावा म्हणून ते असे सामने भरवीत की, ज्यात खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा. चेंडू पायाशी खेळवत न बसता तो चटकन साथीदाराकडे द्यावा, यासाठीही त्यांनी निराळे सामने काढले होते. शिक्षकाचीच ही बुद्धी: जेथे विद्यार्थी कच्चा तेथेच त्याला गृहपाठ द्यावयाचा.

१९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या संघाने इराणला एक-शून्य असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी, १९५२ च्या जुलैत, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच देशाच्या संघाची युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. निकाल काय लागला? दहा-एक. हो, वाचकहो, दहा-एक. थंडीच्या मुलखात आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. भारताचा तो एकुलता एक गोल केला बंगळूरच्या अहमद खान यांनी. (येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या साली आमचा धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता आणि बंगळूर म्हैसूर राज्यात. तेव्हा त्या हिशेबाने अहमद खान कलघटगीकरांस परकेच. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांच्या सीमा बदलल्या आणि ते आपले झाले! गोल मात्र तोच राहिला.)

दहा-एक असा पराभव आजच्या काळात झाला तर काय होईल, याची कल्पना करावी. सामना संपण्यापूर्वीच प्रशिक्षकाचे नाव धुळीस मिळालेले असेल. त्या वेळी काय झाले? पराभवातून धडा घेतला गेला, अनवाणी खेळण्याची रीत मोडून खेळाडूंच्या पायांत बूट आले, आणि चार वर्षांनी मेलबोर्नला संघ नेला तो रहीम यांनीच. तेथे गोमंतकीय वंशाचा, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला नेव्हिल डिसोझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले. भारत चार-दोन असा जिंकला आणि उपान्त्य फेरीत पोहोचला. पुढे युगोस्लाव्हियाने पुन्हा हरवले, पण या खेपेस चार-एक. स्पर्धेत भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वरचे स्थान आपल्याला पुन्हा कधी लाभले नाही.

आणि १९६२ चे जाकार्ता! पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून दोन-शून्य असा गमावलेला. प्रेक्षक भारताच्या विरुद्ध खवळलेले. रहीमसाहेब स्वतः फुप्फुसाच्या कर्करोगाने पोखरलेले. जर्नैलसिंग या बचावपटूच्या डोक्यास टाके पडले होते. रहीम यांनी त्याला मागे न ठेवता पुढच्या फळीत खेळवले. अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर आला. पी. के. बॅनर्जी यांनी एक आणि जर्नैलसिंगने एक गोल केला, आणि भारत दोन-एक असा जिंकला. पुढल्या वर्षीच्या जूनमध्ये रहीम निवर्तले. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धेचे फुटबॉलमधील सुवर्णपदक भारतात आलेले नाही. दहा-एकच्या दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांना घरी बसवले असते, तर मेलबोर्नही झाले नसते आणि जाकार्ताही झाले नसते. परदेशातही याच जातीचे उदाहरण आहे. आमच्या मुलांना प्राणांहून प्रिय असलेल्या मँचेस्टर युनायटेडचे फर्ग्युसन १९८६ साली तेथे आले आणि त्यांना इंग्लंडच्या साखळीचे पहिले विजेतेपद मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले. मधल्या वर्षांत त्यांना काढा म्हणणारे थोडे नव्हते.

आता पुन्हा खालिद जमील यांच्याकडे वळू. त्यांचा आरंभ झकास झाला. ऑगस्टच्या अखेरीस मध्य आशियातील स्पर्धेत त्यांनी ताजिकिस्तानला त्याच्याच भूमीवर दोन-एक असे हरवले. इराणकडून तीन गोलांनी हार पत्करली खरी. पण तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात ओमानसारख्या वरचढ संघास पेनल्टींवर नमवले. व्हरांड्यात पुन्हा पेढे. मग ऑक्टोबर आला. सिंगापुरास जाऊन अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर तोच सिंगापूर पुन्हा समोर उभा राहिला. छांगटेने सुरुवातीलाच गोल केला तेव्हा आमच्या वसतिगृहातील आरोळी बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली असावी. मध्यंतरापूर्वी सिंगापूरने बरोबरी केली, मध्यंतरानंतर दुसरा गोल केला, आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारे भारतासाठी बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यास बांगलादेशाकडून एक-शून्य अशी हार झाली आणि कडेलोट झाला. जे ऑगस्टमध्ये "आपला माणूस आला" म्हणत होते, त्यांतलेच कित्येकजण आता म्हणू लागले, "आम्ही आधीच सांगत होतो, बाहेरचाच आणायला हवा होता." तीन महिन्यांत आपला माणूस परका झाला!

खालिद यांच्या हातून चुका झाल्याच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. फातोर्ड्यास आघाडी मिळाल्यावर संघ मागे मागे सरकत गेला, हे आम्हीही पाहिले. त्यांच्या संघांचा खेळ फार सावध असतो आणि चेंडू उंच उडवून पुढे टाकण्यावर त्यांची भिस्त असते, ही टीका जुनी आहे आणि ती अगदीच खोटी नाही. ज्यास बोलता येते त्याने ती अवश्य करावी. परंतु टीका करणे निराळे आणि हकालपट्टी मागणे निराळे. शिवाय दोषाची वाटणी करावयास बसलो तर ती नीट करावी. त्या साली देशातील मुख्य साखळी स्पर्धा नेहमीप्रमाणे सप्टेंबरात सुरूच होऊ शकली नाही. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा घोळ मिटत नव्हता. खेळाडूंना नियमित सामने नाहीत, आणि देशासाठी मात्र त्यांनी घोड्यासारखे धावावे! आणखी एक गोष्ट. गोल करण्यासाठी एक्केचाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीस पुन्हा बोलवावे लागले. जून २०२४ मध्ये कोलकात्यास ज्यांचा साश्रू निरोपसमारंभ झाला, त्यांनाच माघारी यावे लागले. छेत्री आमचे आवडते. बंगळूर संघामुळे तर ते घरचेच. पण एवढ्या मोठ्या देशात त्यांची जागा घेणारा पोरगा निघू नये, याचा जाब प्रशिक्षकास विचारावयाचा की आणखी कोणास? साखळीतल्या संघांना एकाच वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवण्याची मुभा होती, आणि बहुतेक संघ त्यांतला एखादा तरी पुढच्या फळीत, गोल करण्याच्या जागी, खेळवीत. आपल्या मुलांनी गोल मारण्याचा सराव करावा तरी कोठे? २०२४-२५ च्या मोसमात त्या साखळीतील तेरा संघांत मुख्य प्रशिक्षकपदी भारतीय माणसे अगदी मोजकीच होती, आणि त्यांतलेच एक म्हणजे हे खालिद. घोडेस्वार घडवावयाचे नाहीत, आणि लढाईच्या दिवशी घोडदळ कोठे आहे म्हणून विचारावयाचे!

आमच्या कलघटगीचे लाकडी रंगीत पाळणे दूरदूरच्या गावांत प्रसिद्ध आहेत. लाखेच्या रंगांनी चितारलेला तो पाळणा पाहून पाहुण्यांचे डोळे दिपतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात अशी म्हण आहे, आणि ती जर खरी असेल तर पाळण्यांच्या या गावास फुटबॉलविषयी बोलण्याचा अधिकार इतरांहून थोडा अधिकच पोहोचतो. पाय पाळण्यात दिसले, पुढे काय? सहाव्या-सातव्या वर्षी त्या पायांशी चेंडू कोणी आणून ठेवला? गोव्यात ठेवतात, मिझोराममध्ये ठेवतात, कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी ठेवतात. त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. शाहू स्टेडियमवर तेथील मंडळी संघासाठी प्रसंगी भांडतातही फार, हे खरे, आणि ते आम्हांस मुळीच पसंत नाही; परंतु लहान पोरास मैदानावर नेणारा काका-मामा तेथे घरोघर सापडतो. आमच्या तालुक्यात मूल दहा-बारा वर्षांचे होऊन शाळेच्या संघात येते तेव्हा प्रथम चेंडूस पाय लावते. मग त्यास कोण घडवणार, स्पेनचा माणूस की मुंबईचा?

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, एवढे बोलून झाले, पण प्रशिक्षक कोण असावा ते तुम्ही सांगितलेच नाही. सांगतो. खालिद जमील यांची नेमणूक आमच्या मते योग्य होती. मात्र ते आपले म्हणून नव्हे, तर ऐझॉलला त्यांनी जे करून दाखवले त्यासाठी. त्यांच्या जागी कॉन्स्टंटाइन आले असते आणि त्यांना पुरती चार वर्षे दिली गेली असती, तरीही आम्ही तक्रार केली नसती. परंतु तेरा वर्षांनी आलेल्या पहिल्या भारतीयाविषयी सहा महिन्यांच्या आत निकाल देऊन टाकणे, हे आम्हांस मान्य नाही. हा निकाल केवळ एका गृहस्थाविरुद्ध जात नाही. ऐझॉल, मडगाव, कोल्हापूर, बंगळूर येथे आज जे तरुण शिट्टी गळ्यात घालून मुलांना शिकवीत आहेत, त्या साऱ्यांविरुद्ध तो जातो. त्यांच्यापैकी कोणी उद्या या कामासाठी अर्ज करील की नाही, हे यावर अवलंबून आहे.

ढाक्याच्या सामन्यानंतर व्हरांड्यातील त्या नववीच्या पुढाऱ्याने आमच्याकडे येऊन विचारले, "सर, ते दुबळ्या पायाचे सामने म्हणजे नक्की कसे असतात?" पाऊस केव्हाच संपला होता आणि मैदान कोरडे होते. पुढल्या शनिवारी आम्ही दोन संघ पाडले. जे उजव्या पायाने खेळत त्यांनी डावाच पाय वापरावयाचा, डावखुऱ्यांनी उजवा. पहिल्या शनिवारी चेंडूपेक्षा मुलेच अधिक वेळा जमिनीवर लोळली आणि एकही गोल झाला नाही. पाहणारे मात्र पोट धरधरून हसले. दुसऱ्या शनिवारीही गोल झाला नाही. तिसऱ्या शनिवारी झाला तो चुकून, चेंडू बचावपटूच्या गुडघ्यास लागून. सहाव्या शनिवारी तीन झाले. त्यांतला शेवटचा गोल चहाच्या दुकानात काकांना प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीचा होता, आणि तो डाव्या पायाने, थेट कोपऱ्यात मारलेला होता.